घरच्या घरी लाकडी फर्निचर: नवशिक्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौस म्हणून सुतारकामाला हात घालणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. लाकडाची मापे फूट, इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांत दिली आहेत, कारण वखारीत आजही तीच चालतात. प्लायवूडची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. प्रश्न ९ मात्र कोणी वगळू नये, कारण घरी केलेल्या वस्तू बिघडण्यामागचे सर्वांत मोठे कारण तेथे सांगितले आहे.

१. अजिबात अनुभव नाही. पहिली वस्तू कोणती करावी?

पाट करावा. पाट म्हणजे एक फळी आणि तिच्या खाली दोन पट्ट्या. पण तेवढ्यात मापे घेणे, काटकोनात कापणे, रंधणे, सांधणे, घासणे आणि पॉलिश करणे ही सगळी कामे एकदा हाताखालून जातात. साधारण १८ इंच लांब, १४ इंच रुंद आणि जमिनीपासून दोन-अडीच इंच उंच एवढे माप पुरते. पाटानंतर चौरंग करावा, कारण त्यात पाय आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या येतात. स्टूल त्यानंतर, आणि खुर्ची सर्वांत शेवटी. खुर्चीचे मागचे पाय तिरके असतात, सांध्यांचे कोन काटकोनात नसतात आणि मागे रेलणाऱ्या माणसाचा ताण मोजक्या सांध्यांवर येतो. पहिल्याच महिन्यात खुर्चीला हात घालणारे बहुतेक जण ती अर्धवट सोडतात.

२. सुताराकडून करून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते का?

सुरुवातीला नाही. हत्यारांचा खर्च, वाया गेलेले लाकूड आणि दुसऱ्यांदा आणलेले लाकूड धरले, तर पहिल्या दोन-तीन वस्तू दुकानातल्या वस्तूंपेक्षा महागच पडतात. केवळ बचत हाच हेतू असेल, तर लाकूड आपण निवडून आणावे आणि काम सुताराकडे सोपवावे.

३. हत्यारे कोणती घ्यावीत?

पाटापुरती यादी छोटी आहे: बारीक दात्यांची हातकरवत, लोखंडी रंधा, अर्धा इंच आणि एक इंच रुंदीच्या दोन पटाश्या, गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार), खतावणी (कडेला समांतर ओरखडा काढायचे हत्यार), मोजपट्टी, लाकडी किंवा रबरी हातोडा, धारेचा दगड आणि किमान चार शिकंजे (क्लॅम्प). यांत भर घालायचीच असेल, तर ड्रिल मशीन घ्यावे. स्क्रूची भोके पाडणे आणि स्क्रू पिळणे ही दोन्ही कामे ते करते. खतावणी अनेक जण वगळतात आणि पेन्सिलीने रेघ मारतात. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि कापताना रेघेच्या कोणत्या बाजूला जायचे हा घोळ होतो. खतावणीचा ओरखडा पटाशीच्या धारेला नेमकी जागा देतो. गुण्या विकत घेताना दुकानातच तपासावा. सरळ कडेला लावून एक रेघ मारावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत, तर गुण्या दुकानातच राहू द्यावा.

४. फ्लॅटमध्ये राहतो. जागा नाही आणि शेजाऱ्यांची तक्रार येते. काय करावे?

आपल्याकडचे सुतार पिढ्यान्पिढ्या जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून काम करत आले आहेत. टेबल नसले तरी काम अडत नाही. सवय नसलेल्याने मात्र पायाने फळी धरून पटाशी चालवू नये. त्याऐवजी बाल्कनीत दोन घोड्या (फळीला आधार देणारे लाकडी स्टँड) ठेवून त्यांवर १८ मिमी प्लायवूडचा तुकडा शिकंज्याने आवळावा. आवाज मुख्यतः हातोड्याचा आणि विजेच्या करवतीचा असतो. मोठे काप वखारीतून किंवा प्लायवूडच्या दुकानातूनच करून आणले, तर घरी हातकरवत, रंधा आणि पॉलिशपेपर एवढेच उरते. भुसा ही खरी अडचण आहे. कठीण लाकडांच्या धुळीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवाला कर्करोगकारक ठरलेल्या घटकांत केला आहे, त्यामुळे घासताना एन-९५ मास्क लावावा आणि भुसा झाडण्याआधी त्यावर थोडे पाणी शिंपडावे.

५. लाकूड कोणते घ्यावे आणि कोठून?

शिकण्यासाठी पाइन किंवा आंबा, आणि हात बसल्यावर साग. पाइन मऊ आहे, सरळ रेषांचे आहे आणि चुका सहन करते. मात्र त्यावर नखाचाही ओरखडा उठतो. आंबा स्वस्त आणि बऱ्यापैकी कणखर असतो, पण त्याला कीड लवकर लागते (प्रश्न १७ पाहा). साग सगळ्यांना हवा असतो आणि तो मान त्याने कमावलेला आहे: त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी आणि ओल यांना तो दाद देत नाही, आणि वाळल्यावर फारसा वाकत नाही. चंद्रपूर-गडचिरोली भागातला साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच साग पाठवण्यात आला. पहिल्या पाटासाठी तेवढी ऐट नको.

खरेदी वखारीतून करावी. पुण्यात भवानी पेठेतले टिंबर मार्केट आणि मुंबईत रे रोडचा परिसर यासाठी ओळखीचे आहेत. तालुक्याच्या गावी सॉ मिल असतेच. फळी विकत घेण्याआधी तिचे एक टोक डोळ्यापाशी धरून लांबीभर नजर टाकावी. बाक, पीळ आणि भेगा तेथेच दिसतात.

६. वखारवाला घनफुटावर भाव सांगतो. हिशेब कसा करायचा?

फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यावी, तिघांचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे ४८ भागिले १४४, म्हणजेच एक तृतीयांश घनफूट. एका इंचात आठ सूत असतात, म्हणून एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. येथे नवशिके हटकून फसतात, कारण एक इंच म्हणून चिरलेली फळी दोन्ही बाजूंनी रंधल्यावर सहा-सात सूतच उरते. तयार वस्तूत पूर्ण इंच हवा असेल, तर सव्वा इंचाची फळी सांगावी. तुकडे आणि करवतीत जाणारे लाकूड धरून हिशेबापेक्षा चौथा हिस्सा जास्त आणावा.

७. लाकडाऐवजी प्लायवूड वापरले तर चालेल का?

कपाट, मांडणी आणि मोठे सपाट पृष्ठभाग यांसाठी प्लायवूडच योग्य आहे. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते रुंदीत फुगत-आकसत नाही, आणि प्रश्न ९ मधली बरीच डोकेदुखी टळते. शीट आठ फूट बाय चार फुटांची मिळते. कपाटाच्या बाजूंसाठी १८ मिमी आणि पाठीसाठी ६ मिमी जाडी वापरतात. दुकानात ‘कमर्शियल’ म्हणून मिळते ते हवेतल्या दमटपणापुरते टिकते. सिंकखाली किंवा न्हाणीघराशेजारी ठेवायच्या वस्तूसाठी आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवूड घ्यावे, आणि तो शिक्का प्रत्यक्ष शीटवर पाहावा, बिलावर नव्हे. प्लायवूडची कड उघडी ठेवू नये. तिच्यावर लाकडी पट्टी चिकटवावी.

सनमायका एकाच बाजूला लावल्यामुळे कपाटाचे दार वाकल्याची तक्रार नेहमी येते. दोन्ही बाजूंना ओल सारखी शोषली जात नाही, म्हणून असे होते. मागच्या बाजूलाही पातळ का होईना, सनमायका लावावा.

८. लाकूड पुरेसे वाळले आहे हे कसे ओळखावे?

वखारवाल्याच्या शब्दावर विसंबू नये. ओलावा मोजायचे छोटे यंत्र मिळते, पण त्याशिवायही खात्री करता येते. फळी घरी आणून, खाली-वर हवा खेळेल अशी आडव्या काड्यांवर ठेवावी आणि दर चार दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर किंवा लटकत्या ताणकाट्यावर वजन करावे. वजन घटायचे थांबले की लाकूड तुमच्या घरच्या हवेशी जुळले. यंत्राने वाळवलेले लाकूडही घरात दोन आठवडे असेच ठेवावे. भर पावसाळ्यात आणून लगेच कामाला घेतलेली फळी उन्हाळ्यात आकसणार, हे गृहीत धरावे.

९. पाटाच्या खालच्या पट्ट्या फेव्हिकॉलने आणि स्क्रूने घट्ट बसवल्या, तरी उन्हाळ्यात फळीला मधोमध भेग पडली. असे का झाले?

तरी नव्हे, घट्ट बसवल्या म्हणूनच.

लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते, आणि त्याप्रमाणे रुंदीत फुगते व आकसते. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वर्षवलयांच्या कडेकडेने सुमारे ६ टक्के, वलयांना छेदणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि लांबीत एक टक्क्याचाही अंशच आकसतो. घरातली फळी इतकी टोके गाठत नाही, पण जुलैतली कोकणातली हवा आणि मे महिन्यातली विदर्भातली हवा यांतला फरक १४ इंच रुंद फळीला सूतभर, कधी त्याहून जास्त, हलवायला पुरतो. इतर बहुतेक लाकडे सागापेक्षा जास्त हलतात.

आता पाट उलटा करून पाहावा. वरच्या फळीच्या रेषा लांबीत जातात आणि खालच्या पट्ट्या त्यांना आडव्या असतात. फळीला रुंदीत आकसायचे असते. पट्टीची लांबी त्याच दिशेत आहे आणि ती तसूभर हलत नाही. दोघांना फेव्हिकॉलने जखडले की फळी स्वतःला फाडून घेते, किंवा पावसाळ्यात फुगून वाटीसारखी वळते.

जुना, हाताने केलेला पाट घरात असेल तर त्याची खालची बाजू निरखून पाहण्यासारखी आहे. पट्टी फळीवर नुसती ठेवलेली नसते. फळीत आडवी खाच कोरलेली असते, खाचेच्या बाजू आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असतात, आणि पट्टी त्याच आकाराची करून एका कडेने सरकवत ठोकलेली असते. त्यात ना खिळा असतो, ना सरस. पट्टी फळीला वाकू देत नाही, पण फळी तिच्यावरून सरकू शकते. त्यामुळेच असे पाट अनेक पावसाळे पाहूनही सरळ राहतात.

ही खाच पहिल्या खेपेला जमणार नाही. त्याऐवजी पट्टीतून तीन स्क्रू घालावेत: मधल्याचे भोक नेहमीचे गोल, आणि कडेच्या दोघांची भोके पट्टीच्या लांबीत दोन सूत लांबट, म्हणजे फळी सरकताना स्क्रू भोकात सरकेल. कडेचे स्क्रू वायसर घालून बेताने पिळावेत. फेव्हिकॉल लावायचाच असेल, तर मधल्या इंचभर जागेतच लावावा.

हाच नियम चौरंगाच्या आणि टेबलाच्या वरच्या फळीला लागू आहे. याउलट दोन फळ्या कडेला कड लावून जोडताना दोघींच्या रेषा एकाच दिशेत असतात, म्हणून तेथे फेव्हिकॉल पूर्ण लांबीभर बिनधास्त लावावा. १४ इंच रुंदीची एकसंध फळी हल्ली सहज मिळत नाही, त्यामुळे पाटही बहुधा अशा दोन-तीन फळ्यांचाच होतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

१०. जोडायला फेव्हिकॉल पुरतो की खिळे-स्क्रू हवेतच?

कडेला कड जोडताना नुसता फेव्हिकॉल पुरतो. नीट बसलेला असा सांधा तुटायची वेळ आली, तर बहुधा शेजारचे लाकूड आधी तुटते. फळीच्या टोकाला मात्र तंतूंची उघडी तोंडे असतात, ती फेव्हिकॉल शोषून घेतात आणि पकड राहत नाही. तेथे भोक आणि कुसू असा सांधा करावा, म्हणजे एका तुकड्यात भोक आणि दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ. नाहीतर स्क्रूची मदत घ्यावी. फेव्हिकॉल दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून शिकंज्याने आवळावा, बाहेर आलेला थर लगेच ओल्या फडक्याने पुसावा आणि एक दिवस वस्तूवर जोर देऊ नये. सागाचा पृष्ठभाग तेलकट असल्याने चिकटवण्याच्या ऐन आधी थिनरने पुसून घ्यावा.

स्क्रूआधी भोक पाडणे टाळू नये: चार मिमी जाडीच्या स्क्रूला सागासारख्या कठीण लाकडात तीन मिमी, पाइनमध्ये अडीच मिमी. छताच्या जिप्सम बोर्डासाठी मिळणारे काळे स्क्रू फर्निचरला वापरू नयेत. ते कडक पण ठिसूळ असतात आणि ताण आला की डोके तुटते.

११. नवीन पटाशी आणली, पण ती लाकूड कापत नाही, चेंगरते. ती बदलून घ्यावी का?

नाही. नवीन पटाशीला कारखान्यातून आकार दिलेला असतो. धार आपण लावायची असते. आधी पटाशीची सपाट बाजू धारेच्या दगडावर टेकवून टोकाजवळचा अर्धा-एक इंच भाग एकसारखा चमकेपर्यंत घासावी. मग उताराची बाजू २५ ते ३० अंशांच्या कोनात धरून पुढे-मागे न्यावी. सपाट बाजूच्या कडेला धातूची बारीक कोर बोटाला लागली, की धार टोकापर्यंत पोहोचली. ती कोर सपाट बाजूने हलके घासून काढावी. धार पाहण्यासाठी अंगठा वापरू नये. मऊ पाइनच्या तुकड्याच्या टोकावर आडवी पटाशी चालवावी. पृष्ठभाग गुळगुळीत सुटला तर धार आहे, भुकटी पडली तर नाही. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावल्यावर ती निसटली की हातातच घुसते.

१२. रंधा मारताना लाकूड उपटून येते. काय चुकते?

रंधा रेषांच्या उलट जातो आहे. फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून मारावा. तरीही उपटत असेल, तर पाते आत घेऊन सालपट कागदासारखे पातळ करावे. धार हे तिसरे कारण (प्रश्न ११ पाहा).

१३. सुतार मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून प्लायवूड कापतात. मीही तसे करू का?

करू नये. हे यंत्र दगड आणि फरशी कापण्यासाठी बनवलेले आहे आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. दगडाचे पाते घासत कापते. लाकडाच्या पात्याचे दाते मात्र लाकडात अडकतात, आणि अडकलेल्या क्षणी यंत्र मागे, म्हणजे तुमच्याकडे, उसळते. मुरलेला सुतार हे रोज करताना दिसतो हे खरे, पण त्याच्या हाताला काय येते याचा अंदाज असतो, आणि तसे करूनही बोटे गमावलेले सुतार आहेत. सरळ कापासाठी गार्ड असलेली सर्क्युलर सॉ आणि वळणासाठी जिगसॉ घ्यावी, किंवा प्लायवूड दुकानातच कापून घ्यावे. विजेच्या कोणत्याही करवतीजवळ हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.

१४. स्टूल डुगडुगते. कोणता पाय कापू?

आधी फरशी तपासावी. शहाबादी फरशीवर चांगले स्टूलही डुगडुगते. काचेच्या टेबलावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून खात्री करावी. तेथेही हलले, तर आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून स्टूल स्थिर करावे, एका लाकडी तुकड्यावर पेन्सिल आडवी ठेवून तो चारही पायांभोवती फिरवावा आणि उमटलेल्या रेघेवर चारही पाय कापावेत. अंदाजाने एकेक पाय कापत गेल्यास स्टुलाचा चौरंग होतो. तीन पायांची वस्तू मात्र कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही. तिवई करण्यामागे हा सोयीचा भाग आहेच.

१५. पुस्तकांची फळी किती लांब ठेवता येईल?

१८ मिमी प्लायवूडची असेल, तर दोन आधारांमधले अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त नको. पुस्तके तशीच दाटीने भरून हे अंतर दुप्पट केले, तर फळीचा बाक सोळा पट होतो; जाडी दुप्पट केली तर आठव्या हिश्श्यावर येतो. लांब फळी हवीच असेल, तर पुढच्या कडेला दीड-दोन इंच उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवावी. उंच मांडणी भिंतीला स्क्रूने पक्की करावी, विशेषतः घरात चढणारी लहान मुले असतील तेव्हा.

१६. पॉलिश कोणते करावे?

घासणे हेच अर्धे पॉलिश आहे. ८०, १२०, १८० आणि २२० असे क्रमाने पेपर वापरावेत, रेषांच्या दिशेनेच घासावे आणि मधला क्रमांक गाळू नये. पाटासाठी माझी पसंती लाख पॉलिशला आहे: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ थर देत जायचे. झळाळी सुंदर येते आणि दुरुस्तीही सोपी असते. त्यावर गरम पातेले ठेवल्यास पांढरा डाग पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) बरे.

जवसाचे उकळलेले तेल, ज्याला रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणतात, तेही चालते. त्याबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. हे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते, आणि तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

१७. फर्निचरखाली पिठासारखा भुसा पडतो. ही वाळवी आहे का?

बहुधा नाही, वाळवी मातीच्या वाटा करते. बारीक गोल छिद्रे आणि त्यांतून पडणारी भुकटी हे भुंगेऱ्यांचे काम आहे. ते मुख्यतः खोडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर जगतात, म्हणून आंब्यासारख्या लाकडात जास्त दिसतात आणि सागाच्या गाभ्यात सहसा नसतात. कीड जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी जुनी छिद्रे मेणाने बुजवावीत आणि महिनाभर नवी छिद्रे पडतात का ते पाहावे. नव्या वस्तूचे कच्चे लाकूड पॉलिशआधीच बोरिक पावडर आणि टाकणखार यांच्या पाण्यात भिजवून किंवा त्या पाण्याचे दोन-तीन हात देऊन वाळवावे. पॉलिश झाल्यावर हे पाणी आत शिरत नाही.

१८. पॅकिंगच्या पेट्यांचे लाकूड वापरता येईल का?

शिक्का पाहून. परदेशातून आलेल्या पेट्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि दोन अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ते वापरावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरात आणू नये. शिक्का नसलेली, तेलाचे किंवा रसायनांचे डाग असलेली पेटीही नको.

१९. पाडलेल्या वाड्याचा साग मिळतो आहे. घ्यावा का?

जरूर घ्यावा, इतके वाळलेले लाकूड नवीन मिळत नाही. मात्र त्यात मोडलेले खिळे असतात आणि एक खिळा रंध्याच्या पात्याला कायमचा खाचा पाडतो. आधी लोहचुंबक फिरवून सगळे खिळे काढावेत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासू नये; रंग काढायच्या द्रावणाने मऊ करून खरवडावा, आणि तेव्हा मुले व गर्भवती स्त्रिया जवळ नसाव्यात.

२०. गावाकडे आमच्याच आवारातला फणस वादळात पडला. त्याचे फर्निचर करता येईल का?

लाकूड उत्तम आहे. चिरल्यावर पिवळे असते आणि काळाबरोबर तपकिरी होते. पण झाड आपल्या जमिनीतले असले, तरी आधी परवानगीचे पाहावे. महाराष्ट्र झाडतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह अशा झाडांची नावे आहेत. झाड स्वतःहून पडले असले, तरी लाकूड सॉ मिलला किंवा दुसऱ्या गावी नेताना वाहतुकीचा परवाना मागितला जाऊ शकतो. त्यामुळे पडलेल्या झाडाचे फोटो काढावेत, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि ओंडका हलवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा वेगळा कायदा लागू होतो आणि तेथे नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावे लागते.

परवानगी मिळेपर्यंत ओंडक्याच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंटचा जाड हात द्यावा, नाहीतर ओल टोकांतून भराभर निघून भेगा पडतात. चिरून आणलेल्या फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून, एकावर एक रचाव्यात आणि वर वजन ठेवावे. हवेवर वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष धरतात. त्यानंतरही कामाला घेण्याआधी प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे वजन करून पाहावे.